तू उभी राहा

अंधारात आजींनी बायका मोजल्या. चेहरे दिसत नव्हते, म्हणून त्या एकेकीचं नाव घेत होत्या आणि जिचं नाव ती आपल्या जागेवरून "हाव" म्हणत होती. सात वेळा "हाव" आलं. मग आजी माझ्याकडे वळल्या. "अन् तू. आठ."

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. ताडोबाच्या मोहर्ली बाजूला, बफर क्षेत्रातल्या एका गावात मी तीन दिवस राहायला आले होते. बायका मोह वेचायला निघाल्या होत्या आणि मी त्यांच्यासोबत यायचा हट्ट धरला होता. इतक्या अंधारात कशाला, असं मी आदल्या रात्री विचारलं होतं. "उजेडापर्यंत थांबलं त चितळं खाऊन जाते," आजी म्हणाल्या होत्या. "अस्वलालेही मोह आवडते. आपन उशिरा गेलो त आपल्यासाठी कोन ठेवते?"

गावापासून वीस मिनिटं चाललो. सगळ्या मोठमोठ्यानं बोलत होत्या. कुणाच्या लेकीचं लग्न, कुणाची गाय आटली, कुणाच्या नळाला तीन दिवस पाणी नाही. बोलण्यासारखं काही नसेल तेव्हा एखादी नुसतीच खाकरत होती. पूर्वेला फटफटायला लागलं तेव्हा मोहाखाली पोचलो. जमिनीवर फुलांचा फिकट पिवळा सडा पडला होता आणि हवेत त्यांचा गोड, जड वास भरून राहिला होता. झाडावरून अजून एकेक फूल टप्‌टप् गळत होतं.

मीही टोपली घेऊन वाकणार, तोच आजींनी मला थांबवलं. "तू नोको वाकू. तू उभी राहा. सगळीकडं पाहत राहा. आमी वाकतो."

का ते त्यांनी सांगितलं नाही, पण मला ते आधीच कुणी तरी सांगितलं होतं. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं वनखात्यातले अनुभवी लोक म्हणतात. उभा माणूस वाघ ओळखतो आणि बहुतेक वेळा वाट बदलतो. पण कमरेत वाकलेली, पाठ आडवी झालेली बाई त्याला एखाद्या जनावरासारखी दिसते. मोह वाकून वेचावा लागतो. तेंदूची पानं गुडघाभर उंचीच्या झुडपांवरून वाकूनच तोडावी लागतात. सरपण वाकून गोळा करायचं, सांबर-चितळांच्या रानात गुरं राखताना पाणी प्यायचं ते नाल्यावर वाकूनच. या जंगलावर जगायचं म्हणजे दिवसातून हजार वेळा वाकायचं.

मी दीड तास उभी राहिले. सात पाठी माझ्याभोवती हळूहळू सरकत होत्या आणि मी गोल फिरून झाडांमधल्या सावल्या बघत होते. त्या दीड तासात ताडोबाबद्दलची माझी समजूत बदलली.

याआधी मी दोनदा ताडोबाला आले होते, दोन्ही वेळा पर्यटक म्हणून. नागपूरहून वरोरा, भद्रावती करत चंद्रपूर, तिथून मोहर्ली, पहाटेची सफारी, वाघ, परत. रस्त्याकडेची गावं मी खिडकीतून पाहिली होती, तेवढीच. या वेळी मात्र गावांसाठीच आले होते. ज्या जंगलाचं आपण सगळे मिळून कौतुक करतो, त्याच्या दारात राहणाऱ्यांच्या घरात ते जंगल काय घेऊन येतं आणि काय घेऊन जातं, हे मला पाहायचं होतं.

चंद्रपूर म्हणजे जुनं चांदा, गोंडराजांची राजधानी. जटपुरा दरवाज्यातून बाहेर पडून ताडोबाच्या दिशेनं निघालं की पहिल्यांदा जंगल लागत नाही. लागतो तो कोळसा. दुर्गापूर, पद्मापूरच्या खाणी, मातीचे उंच ढिगारे, काळी पडलेली झाडं, मागे औष्णिक वीज केंद्राची धुराडी. त्यानंतर इरई धरणाचं पाणी दिसतं आणि मग साग, ऐन, बांबू सुरू होतात. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एका बाजूला राज्याला वीज देणारी जमीन, दुसऱ्या बाजूला राज्याला वाघ देणारी जमीन आणि दोहोंच्या मधल्या पट्ट्यात माणसं.

या माणसांनी जंगलाच्या बाजूनं उभं राहून दाखवलेलं आहे. ताडोबालगतच्या लोहारा इथल्या कोळसा खाणीचा प्रस्ताव आला, तेव्हा 2009 मध्ये चंद्रपुरात उपोषण झालं, आंदोलन झालं आणि ती खाण झाली नाही. वाघांच्या येण्याजाण्याची वाट त्यामुळे शाबूत राहिली. म्हणून 'स्थानिक विरुद्ध वाघ' असं चित्र कुणी रंगवलं की मला ते पटत नाही.

ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं 1955 मध्ये. महाराष्ट्रातलं ते सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, क्षेत्र सुमारे 116 चौरस किलोमीटर. त्याला लागून अंधारी अभयारण्य 1986 मध्ये जाहीर झालं आणि 1995 मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. 2010 मध्ये त्याभोवती सुमारे 1,100 चौरस किलोमीटरचं बफर क्षेत्र आखलं गेलं. आतल्या गाभा क्षेत्राच्या, म्हणजे कोअरच्या, जवळजवळ दुप्पट. त्या बफरमध्ये सुमारे 80 गावं आहेत. माणसं आपापल्या घरातच होती, शेतं होती तिथंच होती. फक्त त्यांच्या पत्त्यापुढे 'बफर' हा शब्द लागला. बफर म्हणजे धक्का शोषून घेणारी गादी. गाभ्यातल्या वाघाला बाहेरच्या जगाचा धक्का लागू नये आणि बाहेरच्या जगाला वाघाचा, म्हणून मध्ये ठेवलेली. ही 80 गावं गादीचं काम करताहेत. त्याबद्दल त्यांना काय मिळतं, हा खरा प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशी मी सफारीला गेले. मोहर्ली दरवाज्यावर मोबाईल बाहेर ठेवावा लागला. ताडोबाच्या गाभ्यात 2018 च्या अखेरीपासून मोबाईलला बंदी आहे. जिप्सीत माझ्यासोबत नाशिकचं एक कुटुंब होतं. गाईड होती पंचविशीतली मुलगी, मोहर्लीजवळच्याच एका गावची सून. रस्त्याकडेचे दगडी खांब तिनं दाखवले. गोंडराजांच्या काळात दोर आणि घंटा बांधून यांवरून निरोप पोचवत असत, असं इथं सांगतात.

ताडोबा हे नाव ज्याच्यावरून पडलं त्या तारूची गोष्टही तिनं सांगितली. तारू हा गावाचा प्रमुख. वाघाशी झुंजताना तो मेला आणि लोकांनी त्याला देव केलं. तलावाच्या काठावर, झाडाखाली त्याचं ठाणं आहे. पौषात इथं आदिवासींची मोठी जत्रा भरत असे. राष्ट्रीय उद्यानाचे नियम आले आणि ती पूर्वीसारखी राहिली नाही. वाघाच्या हल्ल्यात गेलेल्या एका माणसाच्या नावानं आज हा सगळा व्याघ्र प्रकल्प ओळखला जातो. ज्यांनी त्याला देव मानलं त्यांनी वाघावर सूड उगवायची भाषा केली नव्हती. वाघ आणि माणूस एकाच रानात राहणार, कधी तरी त्याची किंमत पडणार आणि जो ती मोजेल त्याला विसरायचं नाही, एवढं त्यांना कळलं होतं.

तेलिया तलावाच्या बाजूला वाघीण दिसली. उन्हानं तापलेली ती पाण्यात मागच्या अंगानं उतरली आणि गळ्यापर्यंत बुडून बसली. जिप्सीत कुणी श्वास सोडेना. नाशिकच्या कुटुंबातला सहा-सात वर्षांचा मुलगा आईचा दंड घट्ट धरून पाहत होता. मलाही डोळ्यांत पाणी आलं. ती वाघीण तशी निश्चिंत बसू शकते, यामागे सत्तर वर्षांची मेहनत आहे. 2022 च्या गणनेत महाराष्ट्रात 444 वाघ आढळले, 2018 मध्ये ते 312 होते. एके काळी संपत चाललेल्या प्राण्याबद्दल हे लिहिता येतं, याचं श्रेय वनरक्षकांचं आहे, कायद्याचं आहे आणि माणसांनी रिकाम्या केलेल्या जागेचंही आहे.

श्रेय देताना आणखी एक आठवण ठेवायला हवी. 20 नोव्हेंबर 2021 रोजी ताडोबातच, व्याघ्रगणनेसाठी पायी फिरणाऱ्या एका महिला वनरक्षकावर वाघिणीनं हल्ला केला आणि तिचा मृत्यू झाला. जंगलात पायी जाणाऱ्याला, मग तो खाकी कपड्यात असो की लुगड्यात, तीच जोखीम असते. जिप्सीतल्या आमच्या खुर्च्या जमिनीपासून बऱ्याच वर होत्या. आम्ही बसलो होतो, आणि तरी उभ्या माणसापेक्षा उंच होतो. आदल्या पहाटे त्याच जातीच्या जंगलात सात जणी गुडघ्याएवढ्या उंचीवर काम करत होत्या.

परतताना गाईडशी बोलले. घरच्या मिळकतीतला मोठा वाटा आता तिचा असतो. नवरा रिसॉर्टमध्ये स्वयंपाकघरात कामाला. मुलीला चंद्रपूरच्या शाळेत घालायचा विचार आहे. "सफारी आली म्हणून आमचं बरं झालं," ती ठामपणे म्हणाली. "पण पावसाळ्यात तीन महिने कोअर बंद. अन् गावातल्या सगळ्यांनाच थोडंच हे काम मिळते? माझ्या सासूबाई अजून मोह वेचतात, तेंदू तोडतात." थोडं थांबून ती म्हणाली, "मी लोकांना वाघ दाखवते, अन् माह्या सासूले तोच वाघ चुकवा लागते."

तिची सासू म्हणजे आमच्या सातांतलीच एक निघाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका घरी गेले. गावाचं नाव लिहीत नाही. त्या घरातली बाई मागच्या हंगामात तेंदूपानं तोडायला गेली आणि परत आली नाही. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या, ती बातमी महाराष्ट्रभर पोचली. पण बहुतेक मृत्यू एकेकटे होतात आणि जिल्ह्याच्या पानावर चार ओळींत संपतात.

तेंदूचा हंगाम मे महिन्यात, जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. कोवळी, न फाटलेली पानं पहाटे तोडायची, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचं पुडकं बांधायचं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं खरेदीच्या जागी, नेऊन मोजून द्यायचं. सगळं घर त्यात असतं, लहान मुलंसुद्धा पानं लावतात. या दोन-तीन आठवड्यांत जो पैसा हाती येतो त्यातून बियाणं येतं, खत येतं, मुलांच्या वह्या येतात. तो हंगाम सोडून द्या असं सांगणं म्हणजे पावसाळ्याची पेरणी सोडून द्या असंच सांगणं.

त्या बाईचा नवरा ओसरीवर बसला होता. सरकारकडून मिळणारी 25 लाखांची मदत त्याला मिळाली, त्यातला मोठा भाग मुदत ठेवीत आहे. तो म्हणाला, "पैसे भेटले. लवकर भेटले. खोटं काऊन बोलू? पन पंचनाम्याच्या वेळी एकानं विचारलं, ती जंगलात काऊन गेली होती? म्या म्हटलं, काऊन म्हंजे? कामाले गेली होती." 

त्यानं आवाज चढवला नव्हता. पण ते वाक्य माझ्याबरोबर चंद्रपूरपर्यंत, आणि चंद्रपूरहून घरापर्यंत आलं. ट्रॅक्टर उलटून शेतकरी गेला तर तो शेतात कशाला गेला होता, असं कुणी विचारत नाही. खाणीत दरड कोसळली तर मजूर खाणीत का उतरला, असं विचारत नाही. जंगलात गेलेल्या बाईला मात्र विचारतात, कारण तिचं जाणं आपल्या हिशोबात काम नाहीच. ती 'घुसलेली' असते. जमिनीला कुंपण घालण्याआधी आपण तिच्या कामाला कुंपण घातलेलं असतं.

मदतीची रक्कम काही वर्षांत वाढत गेली, हे चांगलंच झालं. गुरं मारली गेली, पीक खाल्लं गेलं तर त्याचीही भरपाई आहे. 2015 पासून राज्याच्या जन-वन विकास योजनेतून बफरमधल्या गावांत स्वयंपाकाचा गॅस आला, शेतांना सौर कुंपणं मिळाली, सरपणासाठी जंगलात जाणं कमी झालं. गावागावांत तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दलं आहेत. वाघ गावाजवळ आला की ती पोरं रात्री-अपरात्री लोकांना सावध करतात, जमावाला आवरतात. मी एका दलातल्या दोन मुलांना भेटले. हातात टॉर्च आणि काठी, अंगात विलक्षण धीर. हे सगळं खरं आहे. पण यातलं बरंच काही घडून गेल्यावरचं आहे. ती बाई सुरक्षितपणे काम करून घरी यावी, यासाठी जे हवं ते अजून फार थोडं आहे.

त्याच गावात एका शेतकऱ्यानं मला आपल्या बांध्या दाखवल्या. एप्रिलमध्ये त्या रिकाम्या होत्या, धानाची धसकटं पायाला टोचत होती. कोपऱ्यात मचाण होतं. दिवाळीच्या सुमाराला धान पिकतं तेव्हा दीड महिना तो आणि त्याचा भाऊ आळीपाळीनं जागलीला असतात. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्धी बांधी लोळवतो. रोही येतात, चितळं येतात. डुकरांमागे वाघ येतो. थंडीत शेकोटी करून, डबा वाजवत रात्र काढायची आणि सकाळी पुन्हा कामाला लागायचं. काही जण कंटाळून, हताश होऊन कुंपणात वीज सोडतात. त्यात डुक्कर मरतं, कधी वाघ मरतो, कधी शेजारचा माणूस. "मी नाई सोडली कधी," तो म्हणाला. "पन ज्यानं सोडली त्याची झोपही मले समजते." वाघाची शिकार आणि ही वीज एका पारड्यात घालता येत नाही. एकात हाव आहे, दुसऱ्यात दीड महिन्याची न झालेली झोप.

बफरमधली माणसं निदान आपल्या गावात आहेत. गाभ्यात ताडोबाची सहा गावं होती: बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी, पळसगाव आणि रानतळोधी. 2007 मध्ये बोटेझरीपासून पुनर्वसनाला सुरुवात झाली आणि पुढच्या वर्षांत एकेक करत बहुतेक गावं बाहेर आली. कायद्यात हे ऐच्छिक आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2006 मध्ये झालेली दुरुस्ती आणि त्याच वर्षीचा वनहक्क कायदा, दोन्ही एकच सांगतात. आधी लोकांचे हक्क मान्य करा, ग्रामसभेची संमती घ्या, मग पुनर्वसनाचं बोला. कुटुंबामागे 10 लाख रुपयांचं पॅकेज होतं, पुढे ते 15 लाख झालं. रोख घ्यायचे किंवा जमीन-घर घ्यायचं.

उठून आलेल्या एका गावात मी एक संध्याकाळ काढली. सरळ रस्ते, ओळीनं घरं, खांबावर दिवे, नळ. झाडं अजून लहान, सावली कमी. एक तरुण आई म्हणाली, "मी परत जाणार नाही. माझं पहिलं बाळंतपण जंगलात झालं, दुसरं दवाखान्यात. फरक मला माहीत आहे." हे बोलणं मी मनापासून लिहून घेतलं. जंगलातलं जगणं शहरातून जितकं सुंदर दिसतं तितकं ते आत नसतं. शाळेसाठी आठ किलोमीटर चालणारं पोर आणि पावसाळ्यात तुटलेली वाट यांना सुंदर म्हणायचा हक्क आपल्याला नाही.

तिच्या सासऱ्यांचं बोलणं निराळं होतं. ते म्हणाले, "तिथं जमिनीचा कागद नोयता, पन सारं जंगल माह्यं होतं. इथं कागद हाय माह्या नावाचा. अन् त्या कागदाएवढंच माह्यं हाय." त्यांनी बोटांवर मोजत काय काय विकत घ्यावं लागतं ते सांगितलं. बांबू, सरपण, चारोळी, रानभाजी, मध, झाडू, दोर. पूर्वी यातलं काहीही पैशानं येत नव्हतं. गावाचे देव तिथंच राहिले. वर्षातून एकदा पूजेला जायचं तर परवानगी काढावी लागते. सून आणि सासरा एकाच ओसरीवर बसून बोलत होते आणि दोघंही खरं बोलत होते. पुनर्वसन चांगलं की वाईट, असं एका शब्दात विचारणाऱ्याला या ओसरीवर उत्तर मिळणार नाही. स्वतःच्या मनानं, आपले हक्क हातात असताना, पुरेसा मोबदला आणि पाण्याची जमीन बघून कुणी बाहेर पडलं तर तो त्याचा निर्णय. दवाखाना, रस्ता, शाळा मुद्दाम न देता, गुरं चारायला बंदी करून, रोजची कोंडी करून कुणाला 'हो' म्हणायला लावलं तर त्याला ऐच्छिक म्हणता येत नाही.

हा प्रश्न ताडोबापुरता नाही. जून 2024 मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं राज्यांना पत्र पाठवलं. देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यात अजून 591 गावं आणि 64,801 कुटुंबं आहेत, त्यांच्या पुनर्वसनाला गती द्या, असा त्याचा आशय होता. चौसष्ट हजार ओसऱ्या. प्रत्येकीवर अशीच एक सून आणि असाच एक सासरा.

परतीच्या आधी मी चंद्रपूरहून दक्षिणेला गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला गेले. इथं व्याघ्र प्रकल्प नाही, दरवाजा नाही, जिप्सी नाही. या लहानशा गावाला 2012 मध्ये वनहक्क कायद्याखाली 1,006 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ज्यांना जंगल आपलं म्हणता आलं त्यांनी त्याचं काय केलं, हे पाहण्यासारखं आहे. ग्रामसभेनं बसून नियम केले. बांबू किती आणि कसा तोडायचा, राखण कुणी करायची, आलेल्या पैशाचं काय करायचं. पूर्वी कामासाठी बाहेर जाणाऱ्यांना बांबूनं गावातच मजुरी दिली. आणि तेंदूबद्दल ग्रामसभेनं असा निर्णय घेतला की आपण तेंदूपान तोडायचंच नाही. पानांसाठी झुडपं छाटतात, आगी लावतात, झाडाला फळ धरू देत नाहीत. त्यापेक्षा तेंदूला टेंभरं येऊ देत, ती माणसं खातील, पाखरं खातील. एवढं करून जंगलाचा 34 हेक्टरचा एक भाग त्यांनी काहीही न तोडण्यासाठी राखून ठेवला. त्यांचं स्वतःचं अभयारण्य.

तेंदूच्या पैशावर पाणी सोडायला कुणा अधिकाऱ्यानं सांगितलं असतं तर या लोकांनी मोर्चा काढला असता, आणि तो रास्त असता. तेच त्यांनी स्वतः ठरवलं, कारण आधी जंगलाचा कागद त्यांच्या हातात आला आणि बांबूचा आधार मिळाला. पाचगावचा नियम ताडोबाच्या बफरला जसाच्या तसा लावा, असं मी म्हणत नाही. वाघिणीला पिल्लं वाढवायला शांत, मोठी जागा लागते आणि ती राखायलाच हवी. पण गाभ्याबाहेरच्या जंगलात मोह कधी वेचायचा, तेंदूला कुणी कुठे जायचं, राखणीला कोण उभं राहणार, दरवाज्यावर जमणाऱ्या पैशातला किती वाटा या कामासाठी, हे त्या बायकांनी ग्रामसभेत बसून ठरवायला काय हरकत आहे? प्रत्येक टोळीमागे एक पगारी राखणदार, वाघाच्या हालचालीची खबर आदल्या रात्रीच, आणि त्या दिवशी जंगल बंद ठेवलं तर बुडालेल्या मजुरीची भरपाई. मेल्यानंतरच्या पंचवीस लाखांच्या तुलनेत हा खर्च थोडा आहे. यासाठी आधी एकच गोष्ट मानावी लागेल. त्या बायका जंगलात कामाला जातात.

निघायच्या आदल्या पहाटे मी पुन्हा आजींसोबत गेले. पुन्हा मला कुणी टोपली दिली नाही. तोवर मला तो मान आहे हे कळलं होतं. जो वाकत नाही त्यानं पहारा द्यायचा, असा या रानाचा साधा नियम. आपण शहरातले लोक या वाघांसाठी टाळ्या वाजवतो, देणग्या देतो, पोरांना त्यांची चित्रं दाखवतो. आपल्याला वाकावं लागत नाही. म्हणून पहारा आपल्यावर येतो. त्या बायकांच्या बाजूनं बोलायचं, त्यांच्या हक्काचं काय झालं ते विचारत राहायचं.

त्या दिवशी बांबूच्या बेटामागे काही तरी खसखसलं. मी ओरडले. सातही जणी एका झटक्यात ताठ उभ्या राहिल्या, एकमेकींना पाठी लावून. कितीतरी वेळ कुणी हललं नाही. मग वानरांची टोळी उड्या मारत पलीकडे गेली आणि बायका हसत पुन्हा वाकल्या. मला कुणी हसलं नाही. आजी एवढंच म्हणाल्या, "चांगलं केलं. असंच पाहत राहा."

ऊन वर आलं तेव्हा टोपल्या भरल्या होत्या. जंगलाच्या कडेला, जिथून गावाची कौलं दिसायला लागतात, तिथं आजी थांबल्या. आता लख्ख उजेड होता, सगळ्यांचे चेहरे दिसत होते. तरी त्यांनी एकेकीचं नाव घेतलं आणि उत्तर येईपर्यंत पुढचं नाव घेतलं नाही. सात वेळा "हाव" आलं. मग त्यांनी माझं नाव घेतलं.

"हाव," मी म्हणाले.

"आठ," आजी म्हणाल्या आणि गावाच्या वाटेला लागल्या.